बसण्याचा हक्क आणि उभ्या कामगाराचे पाय

कामगारांच्या मागणीपत्रकात वेतन, महागाईभत्ता, बोनस, कामाचे तास आणि नोकरीची शाश्वती यांना अग्रस्थान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु या मागणीपत्रकांत एक अगदी साधी वस्तू क्वचितच आढळते. ती वस्तू म्हणजे बसायला एक स्टूल. दुकानातील विक्रेती, मॉलमधील रखवालदार, यंत्रमागावरील विणकर, हॉटेलातील वेटर, इस्पितळातील परिचारिका, गोदामात माल उचलणारा तरुण, चौकातील वाहतूक पोलीस हे सारे आठ, दहा, प्रसंगी बारा तास पायांवर उभे असतात. घरी परततात तेव्हा पाय भरून आलेले असतात, घोटे सुजलेले असतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. हे दुखणे ज्याचे त्याने आपल्या घरी निस्तरावे अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कोणाच्या फायद्याची आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

उभे राहणे आणि चालणे यांत फरक आहे

पायांकडे रक्त उतरते ते हृदयाच्या दाबाने. परंतु ते वर परतते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या बळावर. माणूस चालतो तेव्हा पावलागणिक पोटरी आवळली जाते, तिच्यातील नीला दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. नीलांमधील झडपा त्याला पुन्हा खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हटले जाते. माणूस एका जागी ताटकळत उभा राहिला की हा पंप जवळजवळ बंद पडतो. रक्त खाली साचते, नीलांमधील दाब वाढतो, रक्तातील पाणी भोवतालच्या मांसात झिरपते आणि पाय सुजतो. वर्षानुवर्षे हेच चालू राहिले तर झडपा निकामी होऊ लागतात, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, आणि पुढे घोट्यापाशी कातडी काळवंडून न भरणारी जखम होऊ शकते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला ताणून धरणारा जो चिवट पट्टा असतो तो अतिताणाने दुखावतो. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेतून कळ येते ती त्यामुळे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या वारकऱ्याचे पायही दुखतात, परंतु त्याची पोटरी दर पावलाला काम करीत असते आणि विसाव्याच्या ठिकाणी तो बसतो. काचेच्या कपाटापुढे दहा तास खिळून उभ्या असलेल्या विक्रेतीला यांतले काहीच मिळत नाही. तिच्या पायांना ना चाल, ना विसावा.

हे ज्ञान नवे नाही. व्यवसायजन्य रोगांवरील आद्य ग्रंथ लिहिणारे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली उभ्याने काम करणाऱ्यांच्या दुखण्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि फुगलेल्या शिरांचा त्यांच्या कामाशी संबंध दाखवून दिला. डेन्मार्कमध्ये नोकरदारांची बारा वर्षे पाहणी करून २००५ साली जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात कामाचा बहुतांश वेळ उभ्याने घालवणाऱ्या स्त्रीपुरुषांत फुगलेल्या शिरांसाठी इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण इतरांच्या दीडपटीहून अधिक आढळले. थोडक्यात, विज्ञानाला तीनशे वर्षांपासून जे ठाऊक आहे ते आपल्या बाजारपेठांतील मालकांना ठाऊक नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

घरी काय करता येईल

लढा दीर्घकाळ चालायचा असेल तर शरीर टिकले पाहिजे. म्हणून कामावरून परतल्यावर पायांना आराम देण्याचे जे उपाय खरोखर उपयोगी पडतात ते प्रत्येक कामगाराला माहीत असावेत. त्यांना पैसे लागत नाहीत.

घरी आल्यावर प्रथम पंधरा मिनिटे उताणे पडावे आणि पाय भिंतीला टेकवून किंवा दोन उशांवर ठेवून हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावेत. साचलेले रक्त आणि पाणी याने आपोआप उतरते. पडल्या पडल्या घोटे गोल फिरवावेत आणि चवडे पुढेमागे करावेत, म्हणजे पोटरीचा पंप पुन्हा सुरू होतो. त्यानंतर भिंतीला हात टेकून, एक पाय मागे ठेवून, मागची टाच जमिनीवर घट्ट रोवून पोटरी अर्धा मिनिट ताणावी. दोन्ही पायांना तीन तीन वेळा हे करावे. टाच व तळवा दुखत असेल तर खुर्चीवर बसून पायाखाली लाटणे किंवा गार पाण्याची बाटली मागेपुढे फिरवावी. कोमट पाण्यात पाय बुडवल्याने स्नायू सैलावतात, परंतु तो गुण उबेचा आहे, पाण्यात टाकलेल्या मिठाचा नव्हे. पाय सुजलेले असतील तर गरम पाण्यापेक्षा गार पाणी बरे. मधुमेह असलेल्यांनी मात्र विशेष काळजी घ्यावी. त्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि गरम पाण्याने भाजल्याचे कळतही नाही. त्यांनी रोज रात्री तळवे निरखून पाहावेत.

कामावर असताना शक्य तितक्या वेळा वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावे. वीतभर उंचीची फळी किंवा वीट ठेवून तिच्यावर आलटूनपालटून एकेक पाय ठेवल्यास कंबरेलाही विश्रांती मिळते. दर अर्ध्या तासाने दहा-वीस वेळा टाचा उचलाव्यात. फरशी किंवा काँक्रीट कठीण असते, म्हणून पायाखाली जाड रबरी चटई आणि ती नसेल तर घडी घातलेले गोणपाट असावे. जोडा संध्याकाळी विकत घ्यावा, कारण त्या वेळी पाय फुगलेला असतो. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. अगदी सपाट तळाची चप्पल आणि उंच टाचेचा सँडल ही दोन्ही सारखीच घातक आहेत. शिरा फुगलेल्या असतील तर घट्ट वैद्यकीय मोजे उपयोगी पडतात, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत आणि सकाळी पाय सुजण्यापूर्वी चढवावेत.

एक इशारा महत्त्वाचा आहे. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लालसर झाली, तर ती थकव्याची सूज समजून घरगुती उपाय करीत बसू नये. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. जोडीला धाप लागत असेल तर क्षणाचाही विलंब करू नये.

या उपायांचा खर्च कोणाच्या खाती?

हे सारे उपाय योग्य आहेत. तथापि त्यांत एक बाब गृहीत धरलेली आहे. पाय सुजतात मालकाच्या वेळेत आणि मालकाच्या नफ्यासाठी, पण त्यांची सूज उतरवायची कामगाराने, स्वतःच्या वेळेत. दुसऱ्या दिवशी उभे राहण्यास पाय पुन्हा लायक करून देण्याचे काम हा कामाच्या दिवसाचाच बिनपगारी भाग होय. कामाच्या दिवसाची लांबी हा प्रश्न कामगाराच्या विश्रांतीच्या वेळेशी जोडलेला आहे, ही गोष्ट मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात फॅक्टरी इन्स्पेक्टरांच्या अहवालांच्या आधारे तपशीलवार मांडली. तिचा पडताळा आज कोणत्याही विक्रेतीच्या घोट्यांवर पाहता येईल.

शिवाय पंधरा मिनिटे पाय वर करून पडण्याची सवड कोणाला असते? पुरुष कामगार घरी आला तर पाण्याचा तांब्या पुढे येतो, क्वचित कोणी पायही चेपून देते. स्त्री कामगार लोकलमध्ये उभ्यानेच प्रवास करून घरी येते आणि तशीच स्वयंपाकाच्या ओट्यापुढे उभी राहते. पूर्वीची चूल जमिनीवर होती, तिच्यापुढे निदान बसता तरी येत असे. आता दुकानातले दहा तास संपल्यावर ओट्यापुढचे दोन तास सुरू होतात. तिचे पाय चेपणारे कोणी नसते. म्हणून पायांच्या या प्रश्नात वर्गाचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. घरकामाची वाटणी ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांपासून सुरू व्हावयास हवी, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

उभे राहण्याची सक्ती कोठून आली?

ग्राहकापुढे नोकराने बसणे हा ग्राहकाचा अवमान होय, असा युक्तिवाद मालकवर्ग करतो. आपल्या बाजारपेठांचा इतिहास या युक्तिवादाला छेद देतो. जुन्या पद्धतीच्या कापडदुकानात पांढरी गादी अंथरलेली असे. मालक तक्क्याला टेकून बसे, नोकर गादीवर बसूनच ठाण उलगडून दाखवी, आणि गिऱ्हाईकही बसे. काही साड्यांच्या दुकानांत आजही ही पद्धत टिकून आहे. तीत कोणाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही. युरोपातील कित्येक देशांत सुपरमार्केटमधील रोखपाल बसूनच हिशेब करते आणि तेथील भांडवलदारांचे दिवाळे वाजलेले नाही. उभे राहण्याची सक्ती ही व्यापाराची गरज नाही. नोकर सदैव तत्पर आणि अंकित दिसावा या हव्यासाचे ते फळ आहे. कॅमेऱ्यातून नजर ठेवून टेकलेल्या विक्रेतीचा पगार कापण्याची प्रथा याच हव्यासातून जन्मली.

मुंबईत या सक्तीचे रूप कसे पालटले तेही पाहण्यासारखे आहे. १९२८ च्या सार्वत्रिक संपात गिरणी कामगार सहा महिने लढले. दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळण्याची सक्ती विणकरांवर लादली जात होती आणि ती सक्ती हे त्या संपाचे एक प्रमुख कारण होते. जादा साचा म्हणजे त्याच पाळीत जादा धावपळ आणि त्याच पायांवर जादा भार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल उभा आहे. भोंगा गेला, खाती गेली, युनियनचा फलक गेला. गेले नाही ते उभे राहणे. फरक इतकाच की गिरणीत उभा असलेला कामगार संघटित होता आणि मॉलमध्ये उभी असलेली मुलगी बहुधा कंत्राटी आहे.

कायदा काय सांगतो

कारखान्यातील कामगारांसाठी हा हक्क जुना आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमाने असे बंधन घातले की, ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्या सर्व कामगारांसाठी बसण्याची योग्य सोय असावी, जेणेकरून कामाच्या ओघात मिळेल त्या संधीला त्यांना विश्रांती घेता यावी. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने तर गर्भवती स्त्रीने विनंती केल्यास प्रसूतीपूर्वीच्या विशिष्ट काळात तिला दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येणार नाही असे ठरवले. म्हणजे दीर्घकाळ उभे राहणे अपायकारक आहे हे शासनाने कित्येक दशकांपूर्वीच मान्य केलेले आहे.

दुकानांतील कामगारांना मात्र हा हक्क मिळण्यास आणखी सत्तर वर्षे लागली. इंग्लंडमध्ये १८९९ साली खास कायदा होऊन दर तीन विक्रेत्या स्त्रियांमागे किमान एक आसन ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक झाले होते. भारतात हा विषय ऐरणीवर आणला तो केरळमधील विक्रेत्या स्त्रियांनी. कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना ना बसायला जागा होती ना स्वच्छतागृह. दिवसभर लघवीला जाता येणार नाही म्हणून त्या पाणी पिणेच टाळीत. व्यवसायाने शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांच्या पुढाकाराने २००९ च्या सुमारास ‘पेनकूट्टू’ ही संघटना उभी राहिली. प्रथम स्वच्छतागृहाची मागणी झाली, पाठोपाठ बसण्याच्या हक्काची. २०१४ च्या अखेरीस त्रिशूरमधील एका मोठ्या साडीच्या दुकानातील स्त्रियांनी संप पुकारला आणि तो शंभराहून अधिक दिवस चालवला. शेवटी २०१८ साली तेथील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून आसनाची तरतूद सक्तीची केली. २०२१ साली तमिळनाडूनेही आपल्या कायद्यात तसे कलम घातले.

या लढ्यातील एक सत्य आपण झाकून ठेवता कामा नये. ही मागणी मोठ्या कामगार संघटनांच्या कार्यालयांत जन्मली नाही. ज्यांचे पाय दुखत होते त्या असंघटित स्त्रियांनी ती पुढे आणली. वेतनाच्या मागणीपुढे स्टुलाची मागणी क्षुल्लक वाटणे ही चळवळीतील जुनी सवय आहे. ती सवय सुटल्याखेरीज मॉलमधला आणि गोदामातला तरुण कामगार आपल्या झेंड्याखाली येणार नाही.

आज धोका कोठे आहे

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रमसंहिता अमलात आल्या. व्यवसायसुरक्षाविषयक संहितेत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आसनाची तरतूद नावाने आहे खरी, परंतु ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. बाजारपेठेतील असंख्य दुकानांत चार-पाच नोकर असतात. त्यांच्या पायांना संहितेचा उपयोग नाही. दुसरीकडे कामाचे तास वाढवण्याचा सपाटा सुरू आहे. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर आणि कारखान्यांतील मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. कागदावर तो एक किंवा तीन तासांचा आकडा असेल. उभ्या कामगाराच्या दृष्टीने तो शिरांवरचा दाब आहे आणि रात्रीच्या विश्रांतीतून कापून घेतलेला वेळ आहे.

केवळ आसन ठेवल्याने हक्क प्रस्थापित होत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. स्टूल कोपऱ्यात आहे, पण त्यावर बसणाऱ्याला मुकादम हटकतो, अशी स्थिती असेल तर ते स्टूल इन्स्पेक्टरला दाखवण्यापुरतेच आहे. आसन वापरण्याची मुभा, बसल्याबद्दल दंड किंवा पगारकपातीस मनाई, पाळीमध्ये ठरावीक विश्रांती, स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी, आणि गणवेशासोबत योग्य जोडा मालकाच्या खर्चाने, या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. नोकरांची संख्या कितीही असो, प्रत्येक राज्याच्या दुकाने कायद्यात हे स्पष्ट शब्दांत आले पाहिजे.

काम शाखेपासून सुरू होऊ शकते. दादर असो, पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो, इचलकरंजी-भिवंडीचे यंत्रमाग असोत, की खानदेशातून गेलेले मराठी कामगार जेथे राबतात ते सुरत असो, आपापल्या भागातील आस्थापनांची पाहणी करावी. माणसे किती, आसने किती, बसल्यास काय होते, विश्रांती केव्हा मिळते, ही चार उत्तरे वहीत उतरावीत. पाय दुखतात म्हणून दवाखान्यात जाणाऱ्या कामगाराने आपण रोज किती तास उभे असतो हे डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहवून घ्यावे. अशा शेकडो नोंदी हाती आल्या की ‘हे ज्याचे त्याचे दुखणे’ असे म्हणण्याची सोय मालकाला उरणार नाही.

एक स्टूल क्रांती घडवून आणणार नाही. परंतु दिवसभर उभ्याने राबलेल्या स्त्रीला संध्याकाळी सभेला बोलवायचे असेल, तर तिच्या पायांत सभेपर्यंत चालत येण्याचे त्राण उरले पाहिजे. तिने दुकानात बसण्याचा हक्क मिळवला तर मालकाच्या हुकमाला मर्यादा घालता येते हे तिला आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकीला कळेल. पुढच्या मागणीपत्रकात हे कलम घातलेच पाहिजे.